अनसाच्या भरोशावरची जनावरं

मे महिन्यात लगनं लोकाईच्या घरी असत अन् गर्दी अनसाच्या घरी. आमची अकोल्याची गल्ली लगनसराईत रिकामी होये. कोनी अंजनगावले जाये, कोनी धामनगावले, कोनी अमरावतीले. पेटी भरून झाली, कुलूप हातात घेतलं, का मंग आठवे, अरे, कुत्र्याचं काय? बंद घरात ठेवावं तं भाजून मरते. संग न्यावं तं लगनघरी कोन बांधून घेते? मंग ते कुत्रं, नाईतं मांजर, नाईतं सशाचा खोका, असं काखेत धरून मानूस अनसाच्या ओट्यावर येऊन उभं राहे.

"अनसाबाई, चार दिवसाचं काम होतं..."

"कुंडं आनलं का?" अनसा इचारे. बस नाई, पानी घे नाई. पयले कुंडं.

तिचा कायदाच होता तसा. जनावर ठेवाचं तं त्याच्या संग मातीचं पसरट कुंडं आनाचं. इस्टीलचं भांडं चालत नसे. "इस्टीलमधी दुपारी चहा होते," म्हने. "तुह्या कुत्र्याले बिनसाखरेचा चहा पाजू का?" मानूस गपचूप कुंभाराकडं जाये, कुंडं आने, तवा जनावर आत. मंग त्या कुंड्यात पानी टाकून थे आपला कोपर बुडवून पाहे, लहान लेकराच्या आंघोयीचं पानी पाह्यतात तसा. कोपराले बरं लागलं तं जनावराले.

अनसा जाऊन दोन हिवाये झाले. तिच्या मांगं तिचं कोनी नाई, म्हनून मी सांगून राहिली. मी दुसरीपर्यंतच शायेत गेली. जसं तोंडात येते तसं हे.

आमी दोघी एकाच जिनिंगमधी होतो. दिवाई झाली का कापूस सुरू होये. कापूस वाहाचा, सरकी भराची, नाकातोंडात रुई, रात्री खोकलं तं ढवयं पडे. उन्हाया लागला का जिनिंग बंद अन् आमी घरी. घरं लागून, मधात एकच भिंत, वरतं टिनं. त्या टिनाखाली उन्हाया कसा निघते ते ज्यानं काढला त्यालेच ठाऊक. दुपारी भिंतीले पाठ लावता येत नसे. प्लास्टिकची फनी वाके. नयाले पानी आठवड्यातून एखांद्या वेयी, ते बी येईन तवा. मालक दोघीचेही लवकर गेले. मले एक पोरगा होता, तिले ते बी नाई. रडाले काई फार वेय भेटला नाई. भोंगा वाजला का जाच लागे.

पन अनसाचं घर गार राहे. हे मी आपल्या मनचं नाई सांगत, साऱ्या गल्लीले माहीत होतं. कापूस येचून झाला का वावरात जी वायली पराटी उभी राह्यते, त्याचे भारे थे डोक्यावर आने अन् टिनावर जाड थर टाके. दाराले, खिडकीले पोतं बांधे, ते ओलं ठेवे. बाहेरची लू ओल्या पोत्यातून आत आली का गार होऊन ये. कूलर असाच असते, तिच्या कूलरले लाइन लागत नसे एवढंच. अन् पानी कुठून आनलं? आंग धुतलेलं पानी परातीत धरे. ते पोत्यावर मारे. पोत्यातून गयलं ते खाली घमेल्यात धरे, अन् ते दिवस बुडता जमिनीवर शिंपे. मी म्हनो, "अनसा, या पान्याचा जीव जाईन तुह्या हातानं." थे म्हने, "काम केल्याबिगर माह्या घरातून कोनी जात नाई गोदे, पानी बी नाई."

दिसाले उंच, वायली, पराटीसारखीच. लुगडं पोटरीपर्यंत खोचलेलं. आवाज असा का गल्लीच्या त्या टोकाले दूधवाला सायकलवरून उतरे. अन् गुर्मी! गुर्मी तं इतकी का मुकादमाले बी भीत नसे. तिचं एक बोलनं ठरलेलं होतं. कोनी इचारलं, बाई, नीट राहीन ना आमचं जनावर? तं थे छाती काढून म्हने, "माह्या दारातून जनावर चार पायावर येते अन् चार पायावर जाते." पाखरं ठेवनाऱ्यालेही असंच म्हने. पाखराले पाय दोन, पन तिले कोन सांगन?

हे सारं सुरू झालं एका रस्त्यावरच्या कुत्रीपासून. भर दुपारी थे कुत्री पोतं सारून आत घुसली, अनसाच्या बाजेखाली गेली अन् तिथंच इयाली. मी हाकलाले काठी घेऊन आली तं अनसानं माह्याच हातातली काठी घेतली.

मी म्हनलं, "तुले प्याले पानी नाई, अन् हे बायंतपन करतं काय?"

"थे कोनाले इचारून आली नाई," थे म्हने. "साऱ्या गल्लीत फिरली अशीन. तिले समजलं का गार घर कोनतं. सांग, तुह्याकडं काहून नाई आली?"

पिल्लं मोठी झाली तशी लोकाईनं नेली. एक राह्यली, कपायावर ढवया ठिपका. तिचं नाव टिकली. टिकली अनसाच्या मांगं सावलीसारखी. लोकाईचं कुत्रं आलं का पयले टिकली त्याले हुंगे, मंग आपल्या जागेवरून उठून त्याले जागा दे. अनसा म्हने, माह्या घरची कारभारीन हाय ते.

तिच्या लय गोष्टी हायत, पन कांद्याची सांगाच लागन. आमच्याकडं उन्हात निघालं का मानूस खिशात कांदा ठेवते, लू लागू नये म्हनून. तं एका वर्षी गल्लीतला दिगांबर टेलर आपलं केसायचं कुत्रं घेऊन आला. कुत्रं वयखू येईना. सारे केस भादरलेले, गुलाबी कातडी उन्हानं लाल पडलेली, अन् गयात सुतळीनं बांधलेला एक मोठा कांदा.

अनसा पाहतच राह्यली. "केस कोनी काढले रे?"

"मीच. मशीननं. गरम होये त्याले."

"अन् तू हा डोक्याले दुपट्टा काहून बांधला?"

"ऊन लागते ना बाई."

"मंग काढ. तुले गरम होत अशीन."

दिगांबरनं दुपट्ट्याले हात लावला अन् मंग त्याच्या ध्यानात आलं. अनसा म्हने, "केस म्हंजे त्याचा दुपट्टा होय. विंचरून पातय करता येते, भादराचा नसते. अन् हा कांदा? मानसाले चालते. कुत्र्याच्या पोटात गेला तं रक्ताचं पानी होते त्याच्या." तिनं सुतळी तोडली, कांदा उंबरठ्यावर ठेवून बुक्कीनं फोडला, अन् दिगांबरच्या समोरच भाकरीसंग खाऊन टाकला. "झालं. आता मले लू लागत नाई."

हे तिले आपोआप समजे असं नाई. जनावराईच्या सरकारी दवाखान्यात जाऊन थे बाकड्यावर बसे, काम नसलं तरी. डॉक्टर, कंपाउंडर, जो भेटन त्याले इचारे. थे लोक बी सांगत. एखांद्यावेयी हाकलत बी. अनसा दुसऱ्या दिवशी पुन्हा जाये.

आमच्या समोर शेख चाचा राहत. ऑटो चालवत. त्याईची एक बकरी होती, लाडाची. चाचा बिमार पडले तवा बकरी अनसाकडं आली. त्या वर्षी अनसाले कोन्या घरातून मोडका कूलर भेटला होता, तिनं त्याले नवं गवत भरलं, लाइन जोडून घेतली, साऱ्या गल्लीले दाखवलं. सकायी उठून पाह्यते तं कूलरच्या तिन्ही बाजू रिकाम्या. बकरीनं सारं गवत खाल्लं होतं, अन् कूलर नुसता गरम हवा फेकून राह्यला होता. चाचा लाजून म्हने, "बाई, माफ करो, जनावर है." अनसा म्हने, "चाचा, तुमची बकरी हुशार हाय. तिले समजलं का माहं पोतंच बरं." त्यानंतर तिनं कूलर कबाड्याले देऊन टाकला.

आता रेखाचं सांगते, कारन पुढचं सारं तिच्याच कुत्र्याचं हाय.

रेखा गल्लीच्या टोकाले भाड्यानं राहाले आली. बसमधी कंडक्टर. एकटी, दनकट, कोनाचं ऐकून न घेनारी. तिच्याजवय एक बसक्या नाकाचं कुत्रं होतं, डोये बाहेर, तोंडावर सुरकुत्या. नाव बिस्कुट. चाचानं पयल्यांदा पाह्यलं तं म्हने, "या अल्ला, इसकी नाक किसने दाबी?" तं रेखा एका दुपारी बिस्कुटले डांबरी रस्त्यावरून फिरवून आनत होती. दोन वाजले अशीन. अनसा ओट्यावरून वरडली, "ए पोरी! चप्पल काढ!"

"काहून?"

"काढ म्हनलं ना. अन् जरा उभी राह्य."

रेखा बी जिद्दी. काढली चप्पल. अन् लगेच नाचाले लागली. "ओ माय! ओ माय वो!"

"तुह्या बिस्कुटले चप्पल हाय का?"

रेखानं कुत्रं उचललं अन् पयत ओट्यावर आली. मले वाटलं आता भांडन होते. पन थे तयपाय चोयत हासाले लागली. "मावशी, तोंडानं सांगतलं असतं तं समजलं नसतं का मले?"

"समजलं असतं. पन ध्यानात राह्यलं नसतं."

त्या दिवसापासून रेखा अनसाले मावशी म्हने अन् ड्युटीवर जातानी बिस्कुटले तिच्याकडं सोडे. बिस्कुटबद्दल अनसाले पयल्यापासून धास्ती होती. मले म्हने, "गोदे, याच्या नाकात हवा जाले जागाच नाई. बाकीचे कुत्रे जीभ काढून गार होतात. हे बिचारं जीभ काढूनही घोरतेच." पन गुर्मी तशीच. राहीन म्हने. आपल्या घरात राहीन.

मंग तो जून आला. मिरुग लागाच्या आधीचे दिवस. रेखाच्या बहिनीचं लगन अमरावतीले होतं. थे बिस्कुटले अनसाकडं ठेवून सकायच्या बसनं गेली.

त्या दिवशी ऊन काई फार नोतं. ढग भरून आलेले. पन हवेचा पत्ता नाई, पान हालत नोतं. आंगावर घाम आला का तिथंच राहे, सुकतच नसे. मानूस बसल्या जागी ओलं. दुपारी लाइन गेली. अनसानं जे इतके वर्स केलं तेच केलं. दाराचं पोतं ओलं केलं, खिडकीचं केलं, आतमधी बसलेल्या जनावराईवर ओलं पोतं टाकलं. बिस्कुटवर एक, टिकलीवर एक. टिकली तवा म्हातारी झालती. बिस्कुट टिकलीच्या जागेवर, टिकली त्याच्या पलीकडं भिंतीच्या कोपऱ्यात.

मी तिच्याकडं गेली ते मीठ मांगाले. पोतं सारून आत पाय टाकला अन् मले वाटलं मी भात शिजत्या गंजात घुसली. आतमधी वाफ भरलेली. बिस्कुटचा आवाज येऊन राह्यला होता, करवतीनं लाकूड कापतात तसा. अनसा त्याच्यावर आनखी पानी टाकत होती.

मी म्हनलं, "अनसा, इथं बाहेरच्याहून जास्त होऊन राह्यलं."

"लाइन नाई म्हनून," थे म्हने. अन् पानी टाकाले हात पुढं केला, तो पोत्यावर पडला. हात तसाच ठेवला तिनं. मंग उलटा करून ठेवला. माह्याकडं पाह्यलं. तिचं तसं तोंड मी कधी पाह्यलं नोतं, मालक गेला तवाही नाई.

"गोदे, पोतं गरम हाय."

हे समजून घ्या. कोरड्या उन्हात ओलं पोतं सुकते, अन् सुकता सुकता गार करते. त्या दिवशी हवेतच पानी भरलेलं. सुकनारच नोतं ते. तं ते पोतं गोधडी झालतं, अन् आमी दार बंद करून, गोधडी टाकून जनावराईले शिजवत होतो. आमच्यातल्या कोन्याही बाईनं तेच केलं असतं. ऊन वाढलं का पोतं ओलं करा, एवढंच आमाले माहीत.

दुसरी असती तं रडली असती, नाईतं तेच पुन्हा केलं असतं. अनसानं एका झटक्यात दाराचं पोतं वढून फेकलं. खिडकीचं फाडलं. बिस्कुटले उचललं अन् बाहेर निंबाखाली आनलं. त्याची जीभ निळी-जांभयी पडली होती, पाय लटकलेले. टिकलीले मी उचललं. थे काई आवाज करत नोती. तोंड उघडं, डोये अर्धे.

घरात एक गुंड, म्हंजे घागरभर, पानी होतं. नय कवा येईन ते माहीत नाई. दोन जनावरं.

अनसानं टिकलीकडं पाह्यलं. एकदाच. मंग गुंड बिस्कुटकडं ओतला. पोटावर, जांघेत, पायाच्या गाद्याईवर, हयूहयू, अन् मले म्हने, "तू टिकलीले पाह्य. पानी मांग कोनाले. सूप आन, वारा घाल." आवाज रोजचाच. हात मात्र थांबत नोते. एका हातानं पानी, एका हातानं सूप. चाचा घरातून धावत आले. थे म्हने, "चाचा, ऑटो काढा. दोन्हीकडचे पडदे वर बांधा, वारा लागू द्या." ओल्या बिस्कुटले मांडीवर उघडंच घेऊन थे ऑटोत बसली. पोतं नाई, फडकं नाई. जातानी टिकलीकडं पाह्यलं नाई. पाह्यलं असतं तं उतरली असती. म्हनून नाई पाह्यलं.

मी घरोघरी जाऊन पानी आनलं. लोकाईनं देलं. टिकलीच्या पोटावर टाकलं, सूप हालवलं, तोंडाजवय धरलं. तिनं थोडं चाटलं. मंग माह्या पायावर मुंडकं ठेवलं अन् गेली. तिनं बिस्कुटसाठी आपली जागा सोडली होती, नेहमीसारखी, तं भिंतीच्या कोपऱ्यात पडली होती थे, जिथं हवा अजिबात नोती. वय बी झालतं.

दिवस बुडता बुडता ऑटो आला. बिस्कुट अनसाच्या मांडीवर उभं होतं. दवाखान्यात सलाईन लावलं होतं त्याले. डॉक्टरनं म्हनलं, बाहेर आनून पानी अन् वारा केला म्हनून वाचलं, आता चार दिवस सांभाया. अनसा खाली उतरली. मी टिकलीवर लुगड्याचं फडकं टाकलेलं. तिनं पाह्यलं.

"पानी पेली होती का?"

"हाव. थोडं."

"बरं."

एवढंच. बिस्कुटले माह्या हातात देलं अन् टिकलीजवय बसली. सकायी चाचानं नाल्याच्या काठाले खड्डा खनला. अनसानं तिले स्वता नेऊन ठेवलं. परत आली अन् बिस्कुटच्या कुंड्यात पानी टाकून कोपर बुडवला.

गल्लीतल्या बायाईनं तिले घेरलं. म्हने, रेखाले काई सांगू नोको. कुत्रं वाचलं ना? दिसते बी चांगलं. कशाले आपल्या हातानं आपलं नाव खराब करतं? चाचा बी म्हने, "बाई, जो मरी वो तो आपकी अपनी थी. वो गिनती में नहीं आती."

अनसा म्हने, "काहून नाई येत? थे काय जनावर नोती?"

रेखा आली तवा अनसा गल्लीच्या तोंडाशीच उभी होती. मी मांगं. रेखाच्या हातात लगनाचा डबा, थे हासत हासत आली. अनसानं तिले घरापर्यंत बी येऊ देलं नाई. उभ्या उभ्या म्हने, "रेखा, तुह्या बिस्कुटले मी ओल्या पोत्याखाली घातलं अन् दार लावलं. उमस होती, ते माह्या ध्यानात आलं नाई. ते मरता मरता राह्यलं. दवाखान्यात नेलं होतं. टिकली मेली. चूक माही हाय, लाइनीची नाई अन् ढगाची नाई."

रेखानं डबा माह्या हातात देला. अनसाच्या घरात गेली, बिस्कुटले उचललं, त्याचे डोये पाह्यले, तोंड उघडून जीभ पाह्यली. अन् त्याले काखेत धरून निघून गेली. बहिनीच्या लगनाचे लाडू माह्याच हातात राह्यले.

त्यानंतर रेखा त्या रस्त्यानं येईच ना. ड्युटीवर जातानी बिस्कुटले कुठं ठेवे, माहीत नाई. अनसा ओट्यावर बसलेली राहे. चार पायावर येते अन् चार पायावर जाते, हे बोलनं मी तिच्या तोंडून मंग कधी ऐकलं नाई. मले वाटलं, आता ही बाई जनावर घेत नाई. दिवाई झाली, जिनिंग सुरू झाली, आमचं वय झालं म्हनून आमाले आता झाडू माराचं काम देलं, हिवाया गेला.

उन्हाया लागला तशी थे पराटी आनाले निघाली. मले हाक मारली, "चाल, एकटीनं भारा उचलत नाई आता." टिनावर थर टाकला. पोते धुतले. अन् एक नवीन गोष्ट केली. अंगनात दोरी बांधली, तिच्यावर जुन्या लुगड्याचं एक पातय फडकं ओलं करून टाकलं, अन् आत जाऊन भाकरी थापाले बसली. भाकरी झाल्या, बाहेर आली, फडक्याले हात लावला. वायलं होतं.

"आज पोतं चालते," थे म्हने.

"अन् नाई वायलं तं?"

"तं पोतं काढाचं. दारं उघडी, जनावर निंबाखाली, आंगाले पानी अन् वारा. हे मले आधी सुचाले पायजे होतं. टिकली गेल्यावर सुचलं."

रोज सकाय-दुपार ते फडकं दोरीवर दिसे. हासनारे हासले. मंग हयूहयू बाकीच्या बाया बी आपल्या दोरीकडं पाहाले लागल्या.

लगनं सुरू झाली. पयला मानूस आला सशाचा खोका घेऊन. अनसानं कुंडं इचारलं. त्यानं देलं. मंग थे म्हने, "एक ऐकून घे, मंग ठेव. मांगच्या वर्षी माह्या हातानं एक जनावर मेलं. दुसरं मरता मरता वाचलं." सारं सांगतलं, पोत्यासकट. त्या मानसानं खोका उचलला अन् म्हने, "बायकोले इचारून येतो." आला नाई. त्याचं कुंडं अनसानं भिंतीले लावून ठेवलं.

मी रागावली. "कोन इचारते तुले? आलेलं मानूस हाकलतं काय? कोन्या डॉक्टरनं लिहून देलं हाय का साऱ्याले सांग म्हनून?"

"आपलं जनावर देनाऱ्याले माहीत पायजे का तो कोनाच्या हातात देते," थे म्हने. "मंग देवो का न देवो."

दुसरं घर आलं, त्याईलेही सांगतलं. त्याईनं कुत्रं ठेवलं. दिगांबर टेलर आला, त्यालेही सांगतलं, तो म्हने, माहीत हाय बाई, अन् ठेवून गेला. आनखी एक घर परत गेलं. असं चाललं. पन दर वेयी थे अंगनाच्या त्या टोकाकडं पाहे, जिथून रेखाचं घर दिसे. आमी कोनी तिचं नाव काढत नोतो.

अन् एका सकायी रेखा आली. खाकी ड्रेस, खांद्यावर तिकिटाची मशीन, एका हातात बिस्कुट, दुसऱ्या हातात नवं कुंडं. ओट्यासमोर उभी राह्यली.

अनसा उठली नाई. बसल्या जागेवरून म्हने, "काय हाय?"

"भावाचं लगन हाय. अमरावतीलेच. आजची ड्युटी करून तिकडंच जातो. तीन दिवस."

"दुसरं कोनी नाई का?"

"हाय. दोन-तीन जन हायत," रेखा म्हने. "माह्या ड्युटीच्या वेयचं याचं बी एकीकडं जमवलं होतं वर्सभर. सांग."

"काय सांगू?"

"साऱ्याले सांगतं म्हने तू. मले काहून नाई?"

"तुले तं माहीत हाय सारं."

"तरी सांग मावशी."

अनसा उभी राह्यली. लुगडं नीट केलं. अन् सारं सांगतलं, पयल्यापासून. उमस होती, पोतं टाकलं, दार लावलं, वाफ झाली, बिस्कुट पडलं, टिकली मेली. एक बी गोष्ट सोडली नाई. फडक्याचं सांगतलं. निंबाचं सांगतलं. रेखा ऐकत होती, हाजेरी घेतात तशी.

मंग तिनं बिस्कुटची दोरी अनसाच्या हातात देली. कुंडं ओट्यावर ठेवलं. बिस्कुटच्या डोक्यावर हात फिरवला अन् म्हने, "बस चुकते माही. जातो मी."

जनावर ठेवून जानारं मानूस वयून वयून पाह्यते. मी त्या ओट्यावर इतके वर्स पाह्यलं. गल्लीचं टोक येईपर्यंत चार वेया पाह्यते, हात करते, नाव घेऊन हाका मारते, एखांदं तं परत येऊन पुन्हा एकदा सारं समजावून सांगते. रेखा सरय चालली. निंब गेला, चाचाचा ऑटो गेला, गल्लीचं टोक आलं, अन् थे कोपऱ्यावरून मोठ्या रस्त्याले लागली.

अनसा दोरी धरून तशीच उभी, मान वर, पाठ एकदम सरय. जिनिंगमधी तरनी होती तवा उभी राहे तशी. उन्हात डोये बारीक केलेले. त्याच्यानंतरच्या हिवायात थे गेली, झोपेतच गेली, पन मले थे अशीच दिसते.

मंग थे माह्याकडं वयली.

"पाह्यलं का गोदे?" थे म्हने. "मांगं वयून पाह्यलं नाई पोरीनं."